विस्तव कोण पेटवतो?

चुकीची कबुली देण्यास दिवाळी अंक ही तशी अडचणीची जागा. वाचक फराळाची बशी शेजारी ठेवून अंक उघडतो. त्याला चकलीसारखे काहीतरी खुसखुशीत हवे असते. अशा वेळी एखादा म्हातारा टीकाकार आपला जुना अभिप्राय मागे घेऊ लागला, तर पान उलटणेच सोयीचे. परंतु ही कबुली नरक चतुर्दशीच्या पहाटेपर्यंत पोहोचणारी आहे, म्हणून धीर करतो.

पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यातील एका व्याख्यानमालेत मी एका इंग्रजी पुस्तकावर तासभर बोललो होतो. पुस्तक एल. टी. सी. रोल्ट याचे, नाव 'नॅरो बोट'. इंग्लंडातील कालव्यावर एका अरुंद नावेत बिऱ्हाड केल्याची ती हकीकत आहे. त्या दिवशी मी या पुस्तकाला 'साध्या राहणीचे उपनिषद' म्हटले, आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणजे वाक्य खरे असते, अशी तेव्हा माझी समजूत होती. त्या स्तुतीतील निम्मा भाग मला आज मागे घ्यावयाचा आहे आणि निम्मा तसाच ठेवावयाचा आहे. कोणता निम्मा, एवढाच या लेखाचा विषय.

प्रथम पुस्तकाची ओळख करून देतो. रोल्ट १९१० साली जन्मला. शिक्षणाने तो इंजिनिअर. जुलै १९३९ मध्ये त्याने अँजेलाशी लग्न केले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला बॅनबरी गावाहून दोघे 'क्रेसी' नावाच्या नावेतून निघाली. क्रेसी ही मुळात घोड्याने ओढावयाची, ओक लाकडाची मालवाहू नाव. बॅनबरीच्या टूली मंडळींच्या कारखान्यात तिचे राहते घर करून घेतले होते. निघून सहा आठवडे झाले नाहीत तोच महायुद्ध पेटले. रोल्टने काही काळ क्रू येथे रोल्स-रॉइसच्या कारखान्यात काम केले, पण तेथे त्याचे मन रमेना. पुढे दक्षिणेकडे विल्टशरमध्ये एका ओतशाळेत काम मिळाले, आणि ऐन थंडीत क्रेसी पुन्हा निघाली. बॅनबरीला पोहोचेपर्यंत कालवा गोठला. उरलेला हिवाळा तेथेच काढून नवराबायको वसंताच्या तोंडाशी पुढे सरकली. हे सारे त्याने नंतर हंगरफर्ड येथे नावेतच बसून लिहून काढले. पुस्तकाला कित्येक वर्षे प्रकाशक मिळाला नाही. अखेर एच. जे. मॅसिंगहॅम या लेखकाच्या खटपटीने ते डिसेंबर १९४४ मध्ये निघाले.

निघाले आणि गाजले. युद्धाने थकलेल्या लोकांना त्यातील संथ पाणी हवेसे वाटले. १९४६ साली कालवे वाचविण्यासाठी तेथे जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत रोल्ट होता. एका पुस्तकाने बुजत चाललेले कालवे वाचविण्यास माणसे उभी केली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. वाङ्मयाने काय साधते, असा प्रश्न आपल्याकडे परिसंवादांतून अधूनमधून निघत असतो; त्याला हे एक रोकडे उत्तर आहे. माझ्या स्तुतीचा हा भाग कायम.

आता ही नाव कशी असते ते सांगितले पाहिजे, कारण पुण्याच्या वाचकाला कालवा ठाऊक असला, तरी त्यावरील नाव ठाऊक नाही. आपला मुठेचा कालवा खडकवासल्याहून निघतो, पर्वतीच्या पायथ्याशी वळतो आणि हडपसरवरून पुढे उसाच्या मुलखात जातो. १८७९ साली धरण पुरे झाले तेव्हापासून त्याने शेते भिजविली, शहराला पाणी पाजले. पण कोणी त्यावर बिऱ्हाड केले नाही. तो वाहता, शेतीचा कालवा. इंग्लंडातील कालवे अठराव्या शतकात कोळसा, लोखंड आणि चिनी माती बाजाराला नेण्यासाठी खणले. त्यांतले पाणी जवळजवळ उभे असते. चढउतार आला की दोन्हीकडे दारे असलेली पाण्याची कोठी बांधतात. नाव आत घ्यावयाची, दार लावावयाचे, पाणी भरावयाचे किंवा सोडावयाचे, की नाव आपोआप वर चढते वा खाली उतरते. यास लॉक म्हणतात. मध्य इंग्लंडात यांतील बरेचसे लॉक सात फूट रुंदीचे बांधले गेले, म्हणून नावाही सात फुटांना किंचित कमी आणि लांबी सत्तर फूट. पंचवीस टनांच्या आसपास माल भरावयाचा, आणि सर्वांत मागे सुमारे दहा फूट लांब व सात फूट रुंद अशी एक खोली. रेल्वेने धंदा पळविला, मजूर ठेवणे परवडेना, तेव्हा नावाड्यांनी बायकामुले नावेवर आणली. त्या खोलीत चूल, बिछाना, कपाट आणि अख्खे कुटुंब. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याचे देवघरही त्याहून थोडे ऐसपैस होते. शेवटी १८७७ साली कायदा करून नावांची नोंदणी आणि आत किती माणसांनी राहावे हे ठरवावे लागले.

रोल्ट या नावाडी कुटुंबांवर लुब्ध आहे. त्यांच्या डब्यांवर आणि दारांवर रंगविलेली गुलाबाची फुले व किल्ले, लखलखीत पितळी मुठी, भिंतीवर टांगलेल्या जाळीदार कडांच्या बशा, चुलीचे चकचकीत काळे लोखंड, यांचे त्याने ममतेने वर्णन केले आहे. वॉटकिन्स-पिचफर्ड याची चित्रे त्या ममतेला शोभतात. मी ते प्रथम वाचले तो वैशाख होता. पर्वतीजवळच्या आमच्या घराचे पत्रे तापलेले, नळाला पाणी नाही, आणि हाती बर्फात अडकलेल्या नावेचे पुस्तक! त्या वाचनात थंडी हा एक अलंकार होता. हवामानखात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून इकडे आले, तेव्हापासून आम्ही त्या कचेरीला सिमला ऑफिसच म्हणतो; थंडीचे नाव घेणे आम्हांला मुळातच आवडते. १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, हे वडील मंडळी एखाद्या लढाईसारखे सांगत. परंतु पुण्याची थंडी ही सकाळी नऊला उन्हात खुर्ची टाकली की संपणारी थंडी आहे.

आपल्या प्रवासवर्णनांतही नावेवरचा मुक्काम येतो तो असाच. मराठी कुटुंब काश्मीरला जाते ते मे महिन्यात, शाळांना सुट्टी लागल्यावर. हाऊसबोटीच्या सज्जात चहा येतो, शिकाऱ्यातून फुलवाला येतो, आणि लेखक लिहितो की येथेच राहावे असे वाटते. पोष-माघात दल सरोवर गोठते तेव्हा त्या नावांमागच्या डोंग्यांत हांजी कुटुंबे फिरनाखाली कांगडी धरून कशी दिवस काढतात, हे पाहावयास आपण नसतो. यात लेखकांचा दोष फार नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखेच लिहावे, पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० साली आली आणि अजून वाचली जाते, कारण ती आपले पाहुणेपण हसतखेळत कबूल करते. दोष घडतो तो पाहुणा स्वतःला घरचा समजू लागतो तेव्हा. आणि रोल्ट पाहुणा की घरचा, हा प्रश्न माझ्या मनात तोवर आलाच नव्हता.

तो आला गेल्या जानेवारीत. माझी भाची इंग्लंडात नोकरी करते आणि लंडनच्या उत्तरेस ग्रँड युनियन कालव्यावर नावेत राहते. हौस म्हणून नव्हे; शहरात खोलीचे भाडे परवडेना म्हणून. नाव पोलादी, जुनी, तिने हप्त्याने घेतलेली. कायमचा धक्का भाड्याने न घेतलेल्या नावेला एका ठिकाणी चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही, म्हणून दर पंधरवड्याला बिऱ्हाड थोडे पुढे सरकवावयाचे. मी पंधरा दिवसांसाठी गेलो आणि मुद्दाम रोल्ट बरोबर नेला. नावेचे पुस्तक नावेवर वाचावे, असा रसिक बेत होता.

चौथ्या दिवशी कालवा गोठला. आधी काठाशी दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरला. सकाळी पाहतो तो बदके पाण्यावरून चालत होती. रात्री बर्फ नावेच्या पत्र्याला घासून कण्हल्यासारखा आवाज करी. बर्फ फोडीत पुढे जाता येते, पण तसे केल्याने आपल्या नावेचा डांबरी लेप सोलवटतो आणि सरकणारे तुकडे शेजाऱ्यांच्या नावांना लागतात, म्हणून शहाणी माणसे थांबतात. पूर्वीच्या काळी बर्फ फोडणारी खास नाव असे. काठावरून घोड्यांची रांगच्या रांग ती ओढी, आणि आत दोन्ही बाजूंना उभी राहिलेली माणसे मधला दांडा धरून तिला डावीउजवीकडे डोलवीत. आता घोडे नाहीत. आम्ही थांबलो.

नावेत ऊब देणारी वस्तू एकच: पुढच्या टोकाला हातभर उंचीची लोखंडी शेगडी. रात्री निजताना तीत कोळसा भरून हवा कोंडावयाची, म्हणजे पहाटेपर्यंत निखारा टिकतो. टिकला तर! छताशी ऊब असते आणि पायाखाली बर्फ. माणसांचा श्वास खिडक्यांवर पाणी होऊन ओघळतो. तो रोज पुसला नाही तर बिछान्याला बुरशी येते. शेगडीचा धूर कोंडला तर झोपेतच प्राण जाऊ नये म्हणून विषारी वायूची सूचना देणारे यंत्र छताजवळ लावलेले. स्वयंपाकाचा गॅसही हिवाळ्यात प्रोपेनचाच घ्यावा लागतो, कारण शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेन सिलिंडरातून उठतच नाही. पाण्याचा सार्वजनिक नळ नाव जेथे अडकली तेथून दहा मिनिटांच्या वाटेवर. शौचाची पेटी रिकामी करावयाची जागाही तिकडेच. उजेड आठ तासांचा.

भाची साडेपाचला उठे. राख काढी, ढलप्या रचून फुंकर घाली, खिडक्या पुशी, दोन कॅन घेऊन पाण्याला जाई, चहा करून मला देई आणि कामावर पळे. मी दोन रजयांखाली रोल्ट वाचीत पडलेला. मदत करू म्हटले तर, "मामा, तुम्ही घसराल," म्हणून ती बसवून ठेवी. मीही फारसा आग्रह धरीत नसे. एके पहाटे बॅनबरीच्या बर्फाविषयीची पाने मला इतकी आवडली की मी ती तिला मोठ्याने वाचून दाखविली. ती शेगडीपुढे गुडघ्यांवर बसली होती. मान वर न करता तिने विचारले, "मामा, त्या पुस्तकात राख कोण टाकतं?"

मी हसून म्हणालो, "अगं, ते वाङ्मय आहे."

"हो, पण राख तर रोज होत असेल ना?"

ती कामावर गेली. मी ते पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचावयास घेतले, या वेळी तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधीत.

उत्तर सरळ मिळत नाही. पुस्तकात श्रम नाहीत असे मुळीच नव्हे. इंजिन, लॉकची दारे, सुकाणू, नाव बांधण्याची कारागिरी यांविषयी रोल्ट जाणत्याच्या अधिकाराने लिहितो; तो हात मळवून घेणारा माणूस आहे. परंतु घरातील श्रम बहुतेक ठिकाणी 'आम्ही' या सर्वनामाच्या पोटात गडप होतात. 'आम्ही' हे फार सभ्य सर्वनाम आहे. त्यात दोघांचाही मान राहतो, आणि कोणी काय केले हे कळत नाही. अँजेला या पुस्तकात आहे. तिची बाजू मात्र तिच्या तोंडून आपल्याला मिळत नाही. क्रेसीवरील सहजीवन सुमारे बारा वर्षे चालले. १९५१ साली दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या आणि अँजेला बिली स्मार्टच्या सर्कशीत गेली. यावरून राख काढण्याला कंटाळून ती गेली, असा थिल्लर निष्कर्ष मी काढणार नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की तिने जर तो पहिला हिवाळा लिहिला असता, तर आज आपल्याजवळ दोन पुस्तके असती, आणि पहिले अधिक नीट वाचता आले असते.

नावाडी कुटुंबांच्या वर्णनांतही हीच गोम आहे. पितळ लखलखीत आहे. ते घासले कोणी? मालाच्या नावा जोडीने चालत, आणि मागच्या बिनइंजिनाच्या नावेचे सुकाणू बहुधा बाईच्या हाती असे. तेथेच पायाशी चूल, तेथेच मूल बांधून ठेवलेले. बर्फ पडला तरी ती बाई दारातच उभी. रोल्टला तिच्या बशा दिसल्या, ही त्याची रसिकता. तिचे भेगाळलेले हात त्याला तितकेसे दिसले नाहीत, ही त्याच्या रसिकतेची मर्यादा. तो स्वतःच्या खुशीने नावेवर आला होता. त्या बाईला कोणी विचारले नव्हते. खुशीने सोसलेली थंडी आणि नशिबी आलेली थंडी यांचा पारा एकच असला, तरी त्या दोन निराळ्या थंड्या आहेत.

हे मागणे अवाजवी नाही, याला पुरावा आहे. एमा स्मिथ हिचे 'मेडन्स ट्रिप' हे पुस्तक १९४८ साली निघाले. युद्धात नावाडी कमी पडू लागले तेव्हा तरुण मुलींना शिकवून लंडन-बर्मिंगहॅमच्या फेऱ्यांवर पाठविले जाई. त्यांच्या बिल्ल्यावर 'अंतर्गत जलमार्ग' या अर्थाची दोन इंग्रजी अक्षरे असत. त्यांचा थट्टेने 'आळशी बायका' असा विग्रह होई. या आळशी बायका जाताना पोलादी माल आणि येताना कोळसा वाहत. एमा त्यांतलीच एक. तिच्या पुस्तकात भूक आहे, ओले कपडे आहेत, चिखल आहे, आपसांतली भांडणे आहेत आणि हसणेही पुष्कळ आहे. भाषेच्या सौंदर्यात ते रोल्टच्या खाली बसेल. पण त्यात एखादे काम आपोआप होत नाही. काम कोणाच्या तरी हातून होते, आणि तो हात दिसतो. याच लेखिकेने युद्धानंतर हिंदुस्थानात येऊन गेल्यावर 'द फार क्राय' ही कादंबरी लिहिली, हे आपल्या वाचकांना आवडेल म्हणून जाता जाता सांगतो.

रोल्टवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मांडतो. त्याला भय होते ते रस्ते आणि मोटारी या जीवनाचा घास घेतील याचे. तसेच झाले, पण शेवटचा धक्का थंडीने दिला. १९६२ च्या नाताळापासून १९६३ च्या मार्चपर्यंत इंग्लंडचे कालवे गोठून राहिले. माल रस्त्याने आणि रेल्वेने गेला, तो परत आला नाही. त्याच साली सरकारी मालवाहू नावांचा बहुतेक ताफा मोडीत निघाला, आणि पिढ्यान् पिढ्या पाण्यावर राहिलेली कुटुंबे चार भिंतींच्या घरांत गेली. रोल्टच्या पुस्तकाने कालवे राखले; ज्यांच्यासाठी त्याने हळहळ केली ती माणसे त्याला राखता आली नाहीत. मात्र त्याने ते कालवे राखले नसते, तर माझ्या भाचीला आज डोके टेकावयास जागा नसती, हेही तितकेच खरे.

एवढ्यावर लेख संपविता आला असता. परदेशी ग्रंथकाराची झडती घेऊन टीकाकार हात झटकून मोकळा! पण परत आल्यावर माझ्याच जुन्या लेखांच्या संग्रहाची मुद्रिते तपासावयास आली. त्यात 'पहाटेचा बंब' नावाचा एक लेख आहे. तो वीसेक वर्षांपूर्वी दिवाळीतच छापून आला होता आणि कित्येकांनी पत्रे लिहून वाखाणला होता. त्यातले पहिले वाक्य असे: 'नरक चतुर्दशीला पहाटे चारला बंब पेटलेला असे, आणि न्हाणीघरात उटण्याचा वास दरवळत असे.'

पेटलेला असे! रोल्टला निदान 'आम्ही' म्हणावे तरी लागले. माझ्या मराठीने मला त्याहून सोपी पळवाट दिली. बंब पेटलेला असे, पाणी तापलेले असे, पाट मांडलेला असे, रांगोळी घातलेली असे. साऱ्या लेखभर कर्ता नाही. आमची आई आदल्या रात्री हौदावरून पाणी भरून ठेवी. साडेतीनला उठून बंबाच्या नळ्यातली राख खाली पाडी, गोवरीचा तुकडा आणि ढलप्या घालून फुंकणीने फुंकी. धुराने तिचे डोळे लाल होत. आम्ही पाच भावंडे न्हाऊन, कारीट चिरडून, फराळाला बसलो की मग ती न्हाई, तोवर बंब निवत आलेला असे. हे सारे मला ठाऊक होते. मी ते लिहिले नाही, कारण त्याने वाक्याची लय बिघडली असती. मुठेच्या कालव्याकाठी मी पहाटे फिरावयास जातो. तेथल्या वस्तीत बायका दारापुढे तीन दगड मांडून आंघोळीचे पाणी तापवीत असतात. त्या निळ्या धुरावरही मी एकदा एक सुंदर परिच्छेद लिहिला आहे. त्यात धूर आहे; बाई नाही.

तेव्हा रोल्टविषयीचा माझा सुधारलेला अभिप्राय असा: 'नॅरो बोट' हे उत्तम पुस्तक आहे आणि ते वाचावे, निसर्गाचे वर्णन, कारागिरीवरील प्रेम आणि नष्ट होणाऱ्या जगाविषयीची कळकळ यांत त्याच्या जोडीची पुस्तके थोडी. उपनिषद हा शब्द मात्र मी मागे घेतो. साध्या राहणीची स्तुती करणारे कोणतेही पुस्तक हाती आले, मग ते कालव्यावरचे असो, खेड्यातले असो की आपल्या वाड्यातले, तर वाचकांनी भाचीचा प्रश्न जवळ ठेवावा. त्याने पुस्तकाची गोडी कमी होत नाही. गोडी कोणाच्या श्रमातून आली ते कळते.

मुद्रितांत मी ते वाक्य बदलले आहे. आता ते असे आहे: 'नरक चतुर्दशीला आई साडेतीनला उठून बंब पेटवी.' प्रकाशकांचा फोन आला होता. म्हणाले, पूर्वीचे वाक्य अधिक गोड होते. मी म्हटले, होते खरे. नवे वाक्य तसेच राहू द्या.